दूर गेलेला धूर



१२ ऑक्टोबर २०२० हा दिवस मुंबईकरांच्या स्मरणांत असेल. सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई, ठाणें आणि आसपासच्या प्रदेशांतील वीज एकाएकीं गेली. लोकलगाड्या रुळांवर जागच्या जागीं थांबल्या, चौकांतील दिवे विझले, आणि महामारीच्या त्या दिवसांत घरीं बसून काम करणारांचीं कामेंहि खोळंबलीं. मी त्या वेळीं भाजी घेऊन परत येत होतों. आमचें बिऱ्हाड अकराव्या मजल्यावर, आणि लिफ्ट तर बंद. सातव्या मजल्यावर जिन्यांतच दम खात बसलों असतां आमचे एक शेजारी वरून उतरतांना दिसले. मला पाहून ते थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, आमच्या मुंबईंत वीज जात नाहीं हो! आज गेली तरी कशी?"

त्यांच्या स्वरांत त्राग्यापेक्षां आश्चर्यच अधिक होतें. मला मात्र उलट वाटत होतें. माझ्या नोकरीचीं बहुतेक वर्षें विदर्भांतील कोळशाच्या पट्ट्यांत, एका लहानशा गांवच्या प्राथमिक शाळेंत गेलीं. तेथें वीज गेली म्हणजे कोणासहि आश्चर्य वाटत नसे. मुंबईची वीज एक दिवस गेली कशी, यापेक्षां ती इतकीं वर्षें न चुकतां येत कशी होती आणि कोठून येत होती, हा प्रश्न मला अधिक विचार करण्यासारखा वाटतो. आजच्या भाषणांत त्याचाच विचार करण्याचें मीं योजिलें आहे.

त्या दिवशींच्या घोटाळ्याचें कारण पडघें आणि कळवें यांच्या दरम्यानच्या वीजवाहिन्यांत होतें, असें नंतर बाहेर आलें. पडघें हें भिवंडी तालुक्यांतील एक गांव. या गांवाचें नांव श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. तें पुढें पुन्हां येणार आहे.

शहरें वाढलीं कीं ऊर्जेचा खप वाढतो, हें विधान आतां शाळेंतील मुलांनाहि पाठ झालें आहे. जगांतील निम्म्याहून अधिक लोक आज शहरांत राहतात, आणि जगांत खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकीं दोनतृतीयांशाहून अधिक ऊर्जा शहरांच्या पोटांत जाते. परंतु एवढ्यानें प्रश्नाचा उलगडा होत नाहीं. हा खप नेमका कसा वाढतो, त्याची किंमत कोण देतो, आणि ती किंमत देणारा माणूस शहरवासीयाच्या दृष्टीस कां पडत नाहीं, हें पाहिलें पाहिजे. त्याकरितां जगभर फिरण्याची आवश्यकता नाहीं. एका मुंबईचाच इतिहास नीट वाचला तरी पुरे.

मुंबईंतील पहिली कापडगिरणी १८५४ सालीं स्थापन झाली आणि १८५६ पासून ताडदेव येथें चालूं लागली. पुढील पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा या भागांत धुराड्यांचें एक रानच उभें राहिलें. १८६५ सालीं मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो गॅसहि कोळशापासूनच काढलेला असे. पुढें १९०५ मध्यें वाडीबंदरपाशीं वाफेवर चालणारें वीजकेंद्र उभें राहिलें, आणि १९०७ मध्यें घोड्यांच्या ट्रामच्या जागीं विजेची ट्राम धांवूं लागली. या सर्व काळांत एक गोष्ट समान होती. इंधन शहरांतच जळे आणि त्याचा धूर शहरावरच पसरे. गिरणीच्या मालकाच्या अंगरख्यावर आणि गिरणीच्या मजुराच्या धोतरावर एकच काजळी बसे. म्हणूनच १९१२ सालीं मुंबई सरकारास धुराच्या उपद्रवाविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्याच्या डोळ्यांत धूर जातो तो खिडकी उघडण्याची खटपट करतोच. धुराचा त्रास आणि त्याचा बंदोबस्त करण्याचें सामर्थ्य हीं दोन्ही त्या काळीं एकाच गांवांत नांदत होतीं.

यानंतर एक मोठें स्थित्यंतर घडून आलें. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा प्रचंड पाऊस अडवून तें पाणी कोंकणाच्या बाजूस खालीं सोडावें आणि त्या धारेच्या जोरावर वीज उत्पन्न करून ती गिरण्यांस पुरवावी, ही कल्पना जमशेटजी टाटांनीं उचलून धरली. १९०४ मध्यें ते निवर्तले. परंतु त्यांच्या वारसांनीं ती सिद्धीस नेली. लोणावळें, वळवण व शिरवटा येथील तलावांचें पाणी सुमारें १,७०० फूट खालीं खोपोलीस आणून १९१५ च्या फेब्रुवारींत पहिली जलविद्युत् मुंबईंत आली. मागोमाग १९२२ मध्यें भिवपुरीचें आणि १९२७ मध्यें भिऱ्याचें केंद्र सुरू झालें. मध्यंतरीं, ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं, बोरीबंदर ते कुर्ला अशी देशांतील पहिली विजेची आगगाडी धांवली. कोळशाचा धूर कमी झाला, गिरण्यांना स्वस्त शक्ति मिळाली, आणि उपनगरांचा मार्ग मोकळा झाला. हें कार्य थोर होतें, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं.

परंतु याच क्षणीं शहराच्या आणि त्याच्या ऊर्जेच्या नात्यांत एक फरक पडला, आणि तो फारसा कोणाच्या लक्षांत आला नाहीं. वीज मुंबईंत जळूं लागली, पण ती जेथें उत्पन्न होते तें ठिकाण मुंबईकराच्या नजरेआड गेलें. लोणावळ्यास हवा खावयास जाणारा मनुष्य तलाव पाहून संतोष पावे. त्या तलावाचा आपल्या घरांतील दिव्याशीं संबंध आहे, हें त्याच्या मनांत क्वचितच येई.

मुळशीच्या लोकांना मात्र तो संबंध चांगलाच ठाऊक होता. भिऱ्याच्या वीजकेंद्रासाठीं मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावयाचें ठरलें, तेव्हां मुळशी पेट्यांतील पन्नासच्या आसपास गांवांचीं भातखाचरें आणि राहतीं घरें पाण्याखालीं जाणार, हें स्पष्ट झालें. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखालीं १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनीं सत्याग्रह सुरू केला. तो सुमारें तीन वर्षें चालला. बापटांना लोक 'सेनापति' म्हणूं लागले ते याच लढ्यामुळें. शेवटीं धरण झालें, आणि गांवें बुडालीं. मोठ्या धरणाविरुद्ध जमिनीवरून निघणाऱ्या लोकांनीं केलेल्या जगांतील पहिल्या लढ्यांत त्याची गणना होते. मुंबईंतील वीज आणि मुळशींतील शेतकरी यांच्यामध्यें सह्याद्रीची भिंत उभी होती. त्यामुळें एकाचें सुख दुसऱ्याच्या दुःखाशीं जोडलेलें आहे, हें सुखी माणसास दिसलें नाहीं.

या योजनेची आणखी एक बाजू आहे. घाटमाथ्यावरचें हें पाणी निसर्गतः पूर्वेकडे वाहून भीमेस मिळावयाचें. तें पश्चिमेस वळविल्यामुळें वीज मिळाली, पाताळगंगेस व कुंडलिकेस बारमाही पाणी आलें, आणि त्या खोऱ्यांतील गांवांचा व कारखान्यांचा लाभ झाला. परंतु भीमेच्या खालच्या अंगास जो अवर्षणाचा मुलूख आहे, त्यास त्या पाण्यास मुकावें लागलें. निसर्गाच्या जमाखर्चांत एका पानावर जमा मांडली कीं दुसऱ्या पानावर खर्च पडतो. आपण जमेचें पान वाचतों. दुसरें उलटून पाहण्याचा प्रघात नाहीं, इतकेंच.

आतां वाढीचा हिशेब पाहूं. १९०१ च्या शिरगणतींत मुंबई बेटाची वस्ती पावणेआठ लाख होती. २०११ च्या शिरगणतींत उपनगरें धरून ती १ कोटि २४ लाखांवर गेली. मध्यंतरीं शहराची हद्द वाढली, हें खरें. तरी वाढ केवढी मोठी आहे, हें यावरून दिसून येईल. खोपोली, भिवपुरी आणि भिरा हीं तिन्ही केंद्रें आज आपल्या पूर्ण शक्तीनें चाललीं तरी त्यांतून सुमारें ४५० मेगावॉट वीज निघते. उलट, उन्हाळ्यांतील एखाद्या दुपारीं मुंबईची मागणी साडेतीन हजार मेगावॉटांच्या वर जाते. ज्या जलविद्युतेनें एके काळीं गिरणगांव चालविलें, ती आतां या भुकेच्या आठव्या हिश्श्यासहि पुरत नाहीं.

उरलेली तूट कोळशानें, तेलानें व वायूनें भरून काढावी लागली. १९५६ मध्यें तुर्भ्यास, म्हणजे ट्रॉम्बे येथें, औष्णिक केंद्र सुरू झालें. तें शहराच्या हद्दींतच असल्यामुळें चेंबूरच्या रहिवाशांस त्याची जाणीव राहिली. पुढचें पाऊल दूर पडलें. १९९५ च्या सुमारास मुंबईच्या उपनगरांसाठीं डहाणूस ५०० मेगावॉटांचें केंद्र उभें राहिलें. डहाणू हा चिकूच्या वाड्यांचा, मासेमारीचा आणि आदिवासी वस्तीचा तालुका. १९९१ सालींच केंद्र सरकारनें तो पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता. तेथील नागरिकांनीं न्यायालयापर्यंत दाद मागितली, म्हणून २००७ मध्यें धुरांतील गंधक काढून घेणारी यंत्रणा त्या केंद्रास जोडली गेली. धुराचा उपद्रव कमी करण्याचें शास्त्र उपलब्ध असतें. तें वापरावयास कोणी तरी मागें लागावें लागतें, हा त्यांतील धडा होय.

आणि यापुढचें पाऊल थेट चंद्रपुरास पडलें. चंद्रपूरच्या भूमींत कोळसा आहे. कोळसा मुंबईस वाहून नेण्यापेक्षां तो खाणीच्या तोंडाशींच जाळावा आणि तयार वीज तारेनें न्यावी, हें हिशेबानें स्वस्त पडतें. म्हणून १९८० नंतरच्या दशकांत तेथें महाऔष्णिक केंद्र उभारण्यांत आलें. आज त्याची शक्ति २,९२० मेगावॉट आहे. तेथून १९९९ मध्यें ७५२ किलोमीटर लांबीची एक खास वाहिनी टाकण्यांत आली. इतक्या लांबच्या मार्गावर नेहमींचा प्रत्यावर्ती प्रवाह नेला तर वाटेंत अधिक गळती होते. याकरितां तेथें पांच लक्ष व्होल्टच्या दाबानें एकदिश प्रवाह नेला जातो, आणि दुसऱ्या टोंकास तो पुन्हां पालटून नेहमींच्या जाळ्यांत सोडला जातो. हें दुसरें टोंक कोठें आहे, म्हणाल तर तें पडघ्यास आहे. मघाशीं ध्यानांत ठेवावयास सांगितलेलें गांव तें हेंच. चंद्रपूरच्या वाहिनीचें शेवटचें टोंक तेथें आहे, आणि मुंबईकडे येणाऱ्या थोर वाहिन्या तेथूनच पुढें निघतात.

या वाहिनीच्या दुसऱ्या टोंकाकडील जीवन कसें असतें, हें थोडें सांगितलें पाहिजे. मी ज्या गांवीं शिकवीत होतों त्याचें नांव येथें सांगत नाहीं; तशीं गांवें पुष्कळ आहेत. गांवापासून कांहीं अंतरावर एक वीजकेंद्र होतें. रोज सकाळीं शाळा उघडल्यावर फळा दोन वेळां पुसावा लागे; एकदां आदल्या दिवशींचें लेखन पुसण्यासाठीं, आणि एकदां रात्रीं बसलेली बारीक राख पुसण्यासाठीं. पावसाळ्याच्या आरंभीं कौलांवरून उतरणारें पहिलें पाणी बायका हंड्यांत धरीत नसत. हजेरीपटावर थंडीच्या दिवसांत खोकल्यानें गैरहजर राहणारीं मुलें अधिक असत. या खोकल्याचें कारण मी वैद्यासारखें सिद्ध करूं शकत नाहीं. परंतु २००९ मध्यें केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें देशांतील अत्यंत प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी यादी केली, तींत चंद्रपूरचें नांव अगदीं वरच्या भागांत होतें, ही नोंदलेली गोष्ट आहे.

परंतु माझ्या मनास जें लागलें तें राखेपेक्षां निराळें होतें. २००५ नंतर कांहीं वर्षें महाराष्ट्रांत विजेची मोठी टंचाई होती. खेड्यांतून दहा-दहा, बारा-बारा तास वीज बंद ठेवीत. मुंबईस मात्र या भारनियमनांतून वगळण्यांत आलें होतें. शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसणारीं माझीं मुलें संध्याकाळीं शाळेच्या ओट्यावर जमत. मध्यें दोन कंदील ठेवून आम्ही गणितें सोडवीत असूं. समोर क्षितिजावर वीजकेंद्राच्या धुराड्यांवरील तांबडे दिवे लुकलुकत असत. एका मुलीनें मला विचारलें, "गुरुजी, वीज तेथें करतात, मग आपल्याकडे अंधार कां?" गणिताच्या पुस्तकांत उत्तरें शेवटीं दिलेलीं असतात. या प्रश्नाचें उत्तर माझ्याजवळ नव्हतें. मीं तिला पुढचें उदाहरण सोडवावयास सांगितलें. आज तेंच उत्तर आपणांसमोर शोधीत आहें.

आतां शिक्षकाच्या संवयीप्रमाणें एक उदाहरण मांडतों. शयनगृहांतील वातानुकूलन यंत्र, ज्याला आपण एसी म्हणतों, तें रात्रभर चाललें तर साधारण दहा युनिट वीज खातें असें धरूं. कोळशांत जेवढी उष्णता असते तिच्यापैकीं सुमारें एकतृतीयांशाचीच वीज बनते. बाकीची धुराड्यांतून आणि शीतकरणाच्या पाण्यांतून निघून जाते. आपल्या देशांतील कोळशाच्या जातीचा विचार करतां एका युनिटास सुमारें ६५० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे दहा युनिटांस साडेसहा किलो. या कोळशांत राखेचा अंश फार मोठा, शेंकडा ३५ ते ४० पर्यंत. तेव्हां एका रात्रीची राख सव्वादोन ते अडीच किलो झाली. आणि कर्बद्विप्राणिद वायु, ज्याला आज कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तो सुमारें साडेनऊ किलो उत्पन्न झाला. साडेसहा किलो कोळशापासून साडेनऊ किलो वायु कसा, अशी शंका येईल. कोळशांतील कर्बाचा एक अणु हवेंतील प्राणवायूचे दोन अणु आपल्याबरोबर घेऊन वर जातो, आणि वजनानें त्या दोघांचा भार कर्बाच्या सुमारें पावणेतीनपट असतो. म्हणून वजन वाढतें. उन्हाळ्याच्या शंभर रात्रींचा हिशेब केला तर एका खोलीसाठीं बैलगाडीभर कोळसा जळतो. मुंबईची सगळीच वीज कोळशाची नाहीं. कांहीं पाण्याची आहे, कांहीं वायूची, आणि अलीकडे सूर्याची व वाऱ्याचीहि मिळूं लागली आहे. तथापि देशांतील विजेचा मोठा भाग अद्याप कोळशापासूनच येतो, म्हणून हा हिशेब वस्तुस्थितीपासून फार दूर नाहीं.

ही बैलगाडी जर रोज आपल्या दारांत रिकामी होत असती, आणि राखेची पाटी सकाळीं आपल्यालाच उचलून टाकावी लागती, तर आपण यंत्राचें बटण दाबण्यापूर्वीं खिडकी उघडून पाहिली असती. चूल पेटविणाऱ्या आमच्या आईला लांकडाची ढलपी मोजून ठेवण्याची संवय होती. कारण सरपण तिच्याच डोक्यावरून येई आणि धूर तिच्याच डोळ्यांत जाई. तारेनें येणाऱ्या ऊर्जेला वजन नाहीं, वास नाहीं, राख नाहीं. काटकसरीची बुद्धि मनुष्यांत उपजत नसते. ती डोक्यावरच्या भारानें येते.

येथें कोणी म्हणेल, वस्ती वाढली कीं खप वाढणारच, त्यांत नवल तें काय? परंतु खप केवळ डोक्यांच्या संख्येनें वाढत नाहीं. तो शहराच्या घडणीनें वाढतो. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणीकामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत त्या जमिनींवर बाजारपेठा, कचेऱ्या आणि उंच मनोरे उभे राहिले. धुराडीं गेलीं म्हणून हवा निवळली असें वरवर पाहणारास वाटतें. परंतु जेथें गिरणीच्या भोंवतीं चाळी होत्या, समोरासमोर दारें-खिडक्या होत्या, लांब सज्जे होते आणि पश्चिमेचा वारा आरपार वाहत होता, तेथें आतां कांचेच्या भिंतींच्या इमारती आहेत. थंड देशांत सूर्याची ऊब घरांत कोंडून ठेवण्यासाठीं कांच उपयोगी पडते. तीच मुंबईच्या उन्हांत लावली तर घराची भट्टी होते, आणि ती निवविण्यासाठीं दिवसभर यंत्र चालवावें लागतें. ऊन आंत घेण्याची व्यवस्था प्रथम पैसे देऊन करावयाची, आणि तें बाहेर काढण्यासाठीं पुन्हां जन्मभर पैसे द्यावयाचे, असा हा व्यवहार आहे.

उंचीचेंहि तसेंच आहे. हजार लिटर पाणी चाळिसाव्या मजल्यावर चढवावयाचें तर पंपाची तूट जमेस धरून सुमारें अर्धें युनिट वीज लागते. रक्कम लहान दिसते. पण ती हजारों कुटुंबांनीं आणि वर्षाच्या ३६५ दिवसांनीं गुणावयाची असते. शिवाय इमारत वापरण्याआधीं ती बांधावी लागते. सिमेंट करावयाचें तर चुनखडी सुमारें १,४५० अंशांपर्यंत तापवावी लागते. त्या भट्टीस कोळसा लागतोच. त्याखेरीज चुनखडीच्या दगडांतूनहि वायु सुटतो, आणि सिमेंटच्या एकूण वायूपैकीं निम्म्याहून अधिक या दगडांतलाच असतो. चंद्रपूर जिल्ह्यांत कोळशाप्रमाणें चुनखडीहि विपुल आहे, आणि सिमेंटचे मोठे कारखानेहि आहेत. मुंबईचा दिवा आणि मुंबईची भिंत या दोहोंसाठीं एकाच जिल्ह्याची भूमि खणली जाते, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

इतका वेळ आपण दूर गेलेल्या धुराविषयीं बोललों. तो दूरच राहतो काय? नाहीं. वायूला जिल्ह्याच्या सीमा नसतात. वातानुकूलन यंत्र उष्णता नाहींशी करीत नाहीं. ती खोलींतून उचलून गल्लींत टाकतें, आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता तिच्यांत आणखी मिळवितें. म्हणून ज्याच्या घरीं यंत्र नाहीं त्याची रात्र अधिक तापते. डांबर आणि काँक्रीट दिवसा ऊन साठवितात व रात्रभर सोडीत बसतात. झाडें व ओलसर जमीन हींच तें शमविणारीं, तींच आपण कमी केलीं. शहर तापलें कीं यंत्रें वाढतात, आणि यंत्रें वाढलीं कीं शहर आणखी तापतें. याखेरीज साऱ्या पृथ्वीचें तपमान वाढत आहे तें निराळेंच. हवा एका अंशानें तापली तर ती सुमारें सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवूं शकते. म्हणून पडेल तेव्हां पाऊस अधिक जोरानें पडण्याचा संभव वाढतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एखाद्या दिवसाच्या पावसाचा सारा दोष कोळशावर टाकणें शास्त्रास धरून होणार नाहीं. परंतु मिठी नदीच्या मुखाकडील दलदली भरून, खारफुटी तोडून आपण पाण्याची जागा घेतली होती, आणि त्या दिवशीं पाणी आपल्या जागेवर परत आलें, एवढें म्हणावयास हरकत नाहीं.

हें सर्व ऐकून 'तर मग शहरेंच वाईट' असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. तो चुकीचा होईल. दाट वस्तीचें शहर हें ऊर्जेच्या दृष्टीनें काटकसरीचें असूं शकतें, आणि मुंबईच त्याचें उदाहरण आहे. महामारीपूर्वीं तिच्या लोकलगाड्यांतून रोज सुमारें पाऊण कोटि प्रवासी जात असत. त्या गर्दीचे हाल कोणासहि सुखाचे नाहींत. परंतु तितकेच लोक एकेकट्यानें मोटारींतून निघाले असते तर किती तेल जळलें असतें याची कल्पनाच करवत नाहीं. दुकान, शाळा, दवाखाना पायीं जाण्याच्या अंतरावर असणें, एका भिंतीचा दोन घरांस उपयोग होणें, हे दाट शहराचे गुण आहेत. शहर वाढल्यानें हानि होते असें नाहीं. तें जेव्हां आपले हे गुण सोडून कांच, मोटार आणि बंद खिडकी यांच्या मागें लागतें तेव्हां होते.

मग करावें काय? उपाय अद्भुत नाहींत. घर बांधतांना किंवा घेतांना वारा कोठून येतो आणि पश्चिमेचें ऊन कोठें पडतें हें आधीं पाहावें. खिडकीवर छज्जा आणि गच्चीवर पांढरा रंग यांची किंमत यंत्रापेक्षां पुष्कळच कमी असते. जुना पंखा ७५ वॉट खातो, नव्या पद्धतीचा ३० च्या आसपास. ६० वॉटच्या जुन्या दिव्याचा प्रकाश आतां ९ वॉटांत मिळतो. यंत्र लावलेंच तर तें चोवीस अंशांवर ठेवावें. इमारतीच्या गच्चीवर सौर पट्ट्या बसवून जिन्याचे दिवे व पाण्याचा पंप यांचा तरी भार उचलावा. आणि महत्त्वाचें म्हणजे गाडी, बस व पादचारी यांची सोय मोटारीच्या सोयीआधीं व्हावी, असा आग्रह आपल्या नगरसेवकापाशीं धरावा.

परंतु एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. मुंबईंत गॅसचे दिवे लागले त्याच १८६५ सालीं इंग्लंडांत स्टॅन्ली जेव्हन्स नांवाच्या अर्थशास्त्रज्ञानें कोळशावर एक ग्रंथ लिहिला. वाफेचीं यंत्रें जसजशीं काटकसरीचीं झालीं तसतसा कोळशाचा एकूण खप कमी न होतां वाढतच गेला, असें त्यानें दाखवून दिलें. कारण शक्ति स्वस्त झाली कीं मनुष्य ती अधिक ठिकाणीं वापरूं लागतो. आपल्या घरांत हेंच होतें. दिव्याचें बिल वांचलें म्हणून आपण दुसऱ्या खोलींत यंत्र बसवितों. म्हणून केवळ चांगलीं यंत्रें घेऊन भागणार नाहीं; किती पुरे, हें ठरविण्याची बुद्धीहि पाहिजे. ही बुद्धि बाजारांत विकत मिळत नाहीं.

आणि ती येण्यासाठीं, ज्याची किंमत दुसरा देतो त्याची माहिती तरी आपणांस असली पाहिजे. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचें उत्तर मला आतां असें द्यावेंसें वाटतें: बाळ, वीज तुझ्या गांवीं होते आणि उजेड दुसऱ्या गांवीं पडतो, याचें कारण त्या दुसऱ्या गांवास तूं दिसत नाहींस. १९१२ सालीं मुंबईचा धूर मुंबईस दिसत होता म्हणून कायदा झाला. तो धूर पुढें लोणावळ्यापलीकडे, डहाणूस, चंद्रपुरास गेला, आणि आपण समजलों कीं तो संपला. वीजकेंद्राच्या धुराड्यावर योग्य यंत्रणा बसावी, खाणीखालून निघालेल्या कुटुंबाचें पुनर्वसन नीट व्हावें, तेथील शाळेंत दिवा लागावा, या मागण्या आजवर त्या गांवांनीं एकट्यांनींच केल्या. वीज वापरणाऱ्या शहरानें त्यांत आपला आवाज मिळविला तर त्या इतक्या दिवस ताटकळणार नाहींत.

त्या ऑक्टोबरच्या दिवशीं दुपारनंतर आमच्याकडे वीज आली. संध्याकाळीं शेजारी पुन्हां भेटले. मीं त्यांना पडघ्याची आणि चंद्रपूरची हकीकत सांगितली. ते बराच वेळ ऐकत राहिले, आणि शेवटीं म्हणाले, "गुरुजी, हें आम्हांला कोणीं सांगितलेंच नाहीं." त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. तें सांगावें, एवढ्यासाठींच आज आपणांपुढें बोललों.